ऑर्किडचा दुसरा बहर: फुलं गळाल्यानंतर काय करायचं

आमच्या सोसायटीत दिवाळी उलटली की कचऱ्याच्या डब्याशेजारी एखादी तरी ऑर्किडची कुंडी दिसते. फुलं गळालेली, उघडा दांडा, खाली तीन-चार जाड पानं. भेट म्हणून आलेलं रोप दोन-अडीच महिने दिवाणखान्यात मिरवतं, मग फुलं झडतात आणि घरच्यांना वाटतं, संपलं. माझ्या पुण्यातल्या बाल्कनीत आज जी सगळ्यात जुनी फॅलेनोप्सिस (ऑर्किडचा एक प्रकार) आहे, ती अशीच उचलून आणलेली. आणली तेव्हा तिला दोन पानं आणि चार जिवंत मुळं होती. पहिलं वर्षभर तिनं फक्त पानं काढली. त्यापुढच्या फेब्रुवारीत सात फुलांचा दांडा आला. तेव्हापासून कुणी फुलं गेलेलं ऑर्किड टाकताना दिसलं की मला राहवत नाही, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

डाळिंब किंवा संत्र्याच्या बागेला ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, बहर धरतात, हे आपल्याकडे नवीन नाही. ऑर्किडलाही बहर धरावा लागतो. फक्त प्रत्येक जातीचा ताण वेगळा असतो: कुणाला थंडी लागते, कुणाला ऊन, कुणाला थंडी आणि कोरडेपणा दोन्ही. आपल्या रोपाचा ताण कोणता हे कळलं की अर्धं काम झालं.

आधी रोप ओळखा

बाजारात मिळणारी जवळजवळ सगळी ऑर्किड संकरित आहेत. माणसानं केलेला पहिला ऑर्किड-संकर इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या व्हीच रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी केला आणि तो १८५६ मध्ये फुलला. आज नोंदणी झालेल्या संकरांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात रोपासाठी अन्नसाठा नसतो, जंगलात ते बुरशीच्या मदतीनं रुजतं. १९२२ मध्ये लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमात ते बाटलीत रुजवून दाखवलं, आणि पुढे ऊतीसंवर्धन (टिश्यू कल्चर) आलं. एकेकाळी श्रीमंतांच्या काचघरात असलेलं झाड आपल्या बाल्कनीत आलं ते या दोन गोष्टींमुळे. संकरित रोपं घरातल्या हवेला जंगली जातींपेक्षा जास्त सोसतात, नवख्यांनी त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

आपल्याकडे प्रामुख्यानं दोन प्रकार येतात. फॅलेनोप्सिसला रुंद, मांसल पानं असतात, ती बुंध्यातून आलटून-पालटून दोन बाजूंना निघतात. खोड जवळजवळ दिसतच नाही आणि पतंगासारखी फुलं लांब, कमानदार दांड्यावर येतात. डेन्ड्रोबियमला उसाच्या बारीक कांड्यांसारखे उभे दांडे असतात, त्यांना केन म्हणतात. पानं त्या केनवर, आणि फुलं केनच्या शेंड्याकडून निघालेल्या तुऱ्यावर. लग्नाच्या मांडवात जांभळी-पांढरी फुलं दिसतात ती बहुतेक याच गटातली, थायलंडमध्ये फुललेल्या 'सोनिया' जातीच्या घराण्यातली.

तिसरा प्रकार अधूनमधून दिसतो, तो नोबिल गटातला डेन्ड्रोबियम. त्याची फुलं शेंड्याला तुऱ्यानं न येता केनच्या पेरापेरांवर बिलगून येतात. मूळ डेन्ड्रोबियम नोबिल हे सिक्कीमचं राज्यपुष्प, यावरून त्याला किती थंडी लागते याचा अंदाज येईल. मुंबईत आणि कोकणात त्याच्या वाटेला जाऊ नका. पुणे, नाशिकला जमतो.

पहिलंच रोप घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोव्यात डेन्ड्रोबियम घ्या, दमट हवा त्याला मानवते. पुणे, नाशिक, कोल्हापूरला दोन्ही चालतात. विदर्भ-मराठवाड्यात घरात उजेडाची खिडकी असेल तर फॅलेनोप्सिस घ्या आणि मे महिन्यात तिच्याकडे रोज लक्ष द्या. फॅलेनोप्सिसच्या एका फुललेल्या कुंडीच्या पैशात डेन्ड्रोबियमची दोन-तीन रोपं येतात, हेही सांगून ठेवते.

विकत घेताना

फुलं शेवटी पाहा. आधी रोप बुंध्याशी धरून हलकं हलवा. डुगडुगलं तर मुळं गेलेली आहेत. पारदर्शक कुंडी असेल तर काम सोपं: मुळं हिरवी किंवा रुपेरी, भरीव दिसली पाहिजेत. तपकिरी, चेपलेली दिसली तर परत ठेवा. डेन्ड्रोबियम घेताना बुडाशी नवा कोंब आहे का बघा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही असेल तर तो पिठ्या ढेकूण आहे, ते रोप घरी नेऊ नका.

गडद निळी फॅलेनोप्सिस दिसली तर ती रंग टोचलेली असते. पुढच्या वर्षी तिला पांढरी फुलं येतील. पांढरी आवडत असतील तर जरूर घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. सह्याद्रीत ऑर्किड भरपूर आहेत, जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण दांड्यांवर पांढरी फुलं मिरवणारं डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम आहे, पावसाच्या तोंडावर महाबळेश्वरला फुलणारं एरिडीस क्रिस्पा आहे. ती झाडावरच राहू द्या. जंगलातून ओरबाडलेलं रोप कुणी विकत असेल तर घेऊ नका. ते घरात सहसा जगत नाही, आणि जंगलातून तर गेलेलंच असतं.

घरी आणल्यावर कुंडीच्या आत काय आहे ते पाहा

फुलं असेपर्यंत कुंडी बदलू नका. फुलं संपली की मात्र कुंडीतून बाहेर काढा. फॅलेनोप्सिसच्या मुळांच्या गाभ्यात बहुतेक वेळा ओल्या शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) घट्ट गोळा सापडतो. रोपवाटिकेत नियंत्रित पाण्यावर तो ठीक असतो. आपल्या पावसाळ्यात तो आठ-आठ दिवस ओला राहतो आणि मुळं आतून कुजतात. तो गोळा बोटांनी, पाण्यात भिजवून, शांतपणे सोडवा. मऊ पडलेली मुळं कापा, भरीव ठेवा. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून घ्या आणि प्रत्येक रोपासाठी पुन्हा तापवा, कारण ऑर्किडचे विषाणू पात्यावरून एका रोपातून दुसऱ्यात जातात आणि त्यांना औषध नाही.

ही झाडं मातीतली नाहीत. रानात झाडांच्या फांद्यांना मुळांनी मिठी मारून ती राहतात, त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये लावलं तर ती गुदमरतात. आपल्याकडे सहज मिळणारं मिश्रण असं: दोन भाग लाकडी कोळशाचे तुकडे, दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग फोडलेली वीट. तुकडे साधारण सुपारीएवढे. सोडण चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, त्यातला क्षार आणि तांबूस रंग निघून जायला हवा. कोळसा धुवून घ्या. कोकणात आणि मुंबईत सोडण निम्मं करा, तिथल्या हवेतच ओल असते. कोरड्या विदर्भात ते वाढवा, वरून थोडं शेवाळ पसरलं तरी चालेल. पाइनची साल मिळाली तर उत्तमच.

कुंडी लहान घ्या. मुळं जेमतेम मावतील एवढीच, तळाला आणि बाजूंनी भोकं असलेली. मोठ्या कुंडीत रोप जोमानं वाढेल हा गुलाब-जास्वंदीचा नियम इथे उलटा पडतो. डेन्ड्रोबियमचे उंच केन आणि खाली इवलीशी कुंडी हे चित्र बरोबर आहे. रोप हलत राहिलं तर नवी मुळं घासून मरतात, म्हणून काडीचा आधार देऊन सुतळीनं बांधा. एक-दोन वर्षांनी सोडणाचा भुगा होऊ लागला की मिश्रण बदला.

जागा आणि उजेड

फॅलेनोप्सिसला पूर्वेची खिडकी, सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास, नंतर दिवसभर भरपूर उजेड. आकडा हवा असेल तर दहा ते पंधरा हजार लक्स, मोबाइलवरच्या उजेडमापक अ‍ॅपनं अंदाज येतो. डेन्ड्रोबियमला याच्या दुप्पट किंवा जास्त लागतो: बाल्कनीत सकाळचं थेट ऊन तीन-चार तास, आणि दुपारच्या उन्हाला ५० टक्क्यांची हिरवी जाळी.

पानं हेच खरं मापक आहे. गर्द हिरवी, लोंबती पानं म्हणजे उजेड कमी. पोपटी हिरवी, कडक पानं म्हणजे बरोबर. पिवळट, किंवा हाताला गरम लागणारी पानं म्हणजे ऊन जास्त. बहर न येण्याचं सगळ्यात मोठं कारण कमी उजेड हेच असतं. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, न्हाणीघरात, जिन्यात ठेवलेलं रोप जगतं, पण फुलत नाही. फुललं की चार दिवस पाहुण्यांसाठी आत आणा, एरवी त्याची जागा खिडकीत.

पाणी

इथेच बहुतेक रोपं जातात, म्हणून जरा थांबून लिहिते.

"आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?" हा पहिला प्रश्न असतो आणि त्याला एक उत्तर नाही. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं मृत पेशींचं आवरण असतं. कोरडं असताना त्यात हवा असते, म्हणून मूळ रुपेरी दिसतं. पाणी शोषलं की आतला हिरवा रंग दिसू लागतो. तेव्हा मूळ हिरवं असेल तर पाणी नको. रुपेरी झालं, कुंडी उचलून हलकी लागली, तर पाणी. पारदर्शक कुंडी घ्या म्हणते ते यासाठीच. पहिले दोन महिने रोज सकाळी कुंडी उचलून पाहायची सवय लावा, नंतर हाताला वजनावरून आपोआप कळतं.

घालायचं तेव्हा भरपूर घाला. नळाखाली धरून अख्ख्या कुंडीतून पाणी वाहून जाऊ द्या, म्हणजे साचलेले खताचे क्षारही निघून जातील. किंवा बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा, मात्र एका बादलीत सगळी रोपं एकापाठोपाठ बुडवू नका, एकाचा रोग सगळ्यांना लागतो. पाणी सकाळीच. फॅलेनोप्सिसच्या मधल्या कोवळ्या पानाच्या खोबणीत पाणी साचलं तर टिश्यू पेपरच्या टोकानं टिपून घ्या. माझी एक सुंदर पिवळी फॅलेनोप्सिस जुलैच्या एका रात्रीच्या पावसात अशीच गेली. सकाळी वरचं पान ओढलं तर अलगद हातात आलं, खाली सगळं कुजलेलं. तिला एकच वाढबिंदू असतो, तो गेला की रोप बहुधा वाचत नाही.

ढोबळ अंदाज द्यायचाच तर पुण्यात मी उन्हाळ्यात डेन्ड्रोबियमला रोज आणि फॅलेनोप्सिसला दिवसाआड पाणी घालते, हिवाळ्यात दोघांनाही पाच-सहा दिवसांनी, पावसाळ्यात मुळं सांगतील तसं. बोअरवेलचं जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात आणि मुळांची टोकं काळी होतात. अशा घरी पावसाचं पाणी साठवा किंवा फिल्टरचं पाणी मिसळून वापरा.

हवेतल्या ओलाव्यासाठी पानांवर सतत फवारण्यापेक्षा कुंड्या जवळजवळ ठेवा आणि खाली खडे-पाणी भरलेला ट्रे ठेवा. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये.

खत

शेणखत, गांडूळखत, पेंड, चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, यातलं काहीही कुंडीत नको. मोकळ्या मिश्रणात ते कुजतं आणि हवा कोंडते. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत पुरतं. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम दहावा भाग, आठवड्यातून एकदा, तेही वाढीच्या काळात. आधी साधं पाणी घाला, मुळं भिजली की मग खताचं. महिन्यातून एकदा फक्त साध्या पाण्यानं धुवा. फिल्टरचंच पाणी वापरत असाल तर महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट तेवढ्याच प्रमाणात द्या, पण ते १९:१९:१९ मध्ये मिसळू नका, साका बसतो.

पावसाळ्याचे चार महिने

डेन्ड्रोबियम पावसात जोमानं वाढतं, पण संततधारेखाली ठेवू नका. छपराच्या कडेला ठेवा. फॅलेनोप्सिस पूर्ण छपराखाली, शक्य असेल तर थोडी तिरपी, जंगलात ती फांदीवरून तशीच कललेली असते. हवा खेळती हवी. बंद बाल्कनी असेल तर छोटा पंखा दिवसाचे काही तास लावा, पानं ओली राहायला नकोत. पानावर पाणी भरल्यासारखा मऊ डाग दिसला आणि तो दिवसागणिक पसरत असेल तर तो कुजव्या आहे. डागाच्या दोन बोटं अलीकडून, निरोगी भागातून पान कापा, कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड लावा. मुळांना मात्र दालचिनी लागू देऊ नका, ती सुकवते. डेन्ड्रोबियमवर तांब्याची बुरशीनाशकं मारू नका, त्याला ती सोसत नाहीत.

गोगलगायी रात्री येतात आणि नेमकी मुळांची कोवळी टोकं खातात. बॅटरी घेऊन रात्री नऊनंतर एक चक्कर मारा.

फॅलेनोप्सिसचा बहर धरणं

फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल आणि रोपाला चार-पाच धट्टीकट्टी पानं असतील, तर बुडाकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या बोटभर वर कापा. त्या पेरातून कधी कधी फांदी फुटून छोटा बहर येतो. रोप अशक्त असेल किंवा दांडा सुकला असेल तर बुडाशी कापा. माझं म्हणाल तर पहिल्या वर्षी मी सरळ बुडाशीच कापते. रोपानं आधी मुळं करावीत.

मार्च ते ऑक्टोबर पानं वाढवायची. दर वर्षी निदान एक-दोन नवी पानं आली पाहिजेत. सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं होऊन गळणं नैसर्गिक आहे.

आता ताण. दिवसाचं तापमान २८ अंशांच्या वर राहिलं तर फॅलेनोप्सिस पानंच काढत राहते. चार ते सहा आठवडे दिवसा सावलीत २५-२६ आणि रात्री १६ ते २० अंश मिळाले की ती दांडा धरते. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबर हेच देतो. दिवाळी झाली की तिला रात्रीसुद्धा खिडकीबाहेर किंवा बाल्कनीत राहू द्या, एवढंच करायचं. पंधराच्या खाली पारा जाऊ लागला की रात्री आत घ्या. मुंबईत थंडी उशिरा आणि थोडी येते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत रात्रभर खिडकी उघडी ठेवा आणि घरातल्या सगळ्यात गार जागी रोप ठेवा. ताण थंडीचा द्यायचा, पाण्याचा नाही. या काळात तिला तहानलेली ठेवली तर उलट दांडा थबकतो.

पानाच्या बगलेतून काही डोकावू लागलं की मूळ की दांडा, हा प्रश्न पडतोच. मुळाचं टोक गोल, चकचकीत असतं. दांड्याचं टोक किंचित चपटं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं, आणि त्याची चाल वर उजेडाकडे. दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला अडीच-तीन महिने लागतात.

डेन्ड्रोबियमचा बहर धरणं

सगळ्यात महत्त्वाचं आधी: जुने केन कापू नका. पानं झडलेला, सुरकुतलेला केन मेलेला वाटतो, पण त्यात नव्या कोंबाची शिदोरी असते. शिवाय एकच केन दोन-तीन हंगाम, पानं नसतानाही, शेंड्याकडून तुरे काढतो. पूर्ण वाळून तपकिरी, पोकळ झाला तरच कापा.

मार्च-एप्रिलमध्ये बुडातून नवे कोंब फुटतात. कोंबाला स्वतःची मुळं येईपर्यंत पाणी बेतानं, मुळं दोन-तीन बोटं लांब झाली की पाणी-खत भरपूर. पावसाळ्यात केन भरतो, शेंड्याला शेवटचं पान येतं आणि ऑगस्टपासून पुढे तुरे निघू लागतात. नवा केन जुन्यापेक्षा उंच आणि जाड झाला तर समजा तुमचं बरोबर चाललं आहे. आखूड राहिला तर उजेड किंवा खत कमी पडलं. हिवाळ्यात पाणी कमी करा, खत थांबवा. पानं गळली तर घाबरू नका.

फुलांऐवजी केनवर मुळांसकट छोटी रोपं फुटली, तर त्यांना केकी म्हणतात, हवाई बेटांच्या भाषेत 'लेकरू'. मुळं पाच-सहा सेंटिमीटर झाली की ती काढून वेगळी लावता येतात. पण सगळ्याच केनवर केकी येऊ लागल्या तर मुळं कुजली आहेत का ते तपासा.

नोबिल गटाला खरा ताण लागतो, थंडीचा आणि पाण्याचाही: सप्टेंबरअखेर खत पूर्ण बंद, नोव्हेंबरपासून पाणी केन फार सुरकुतू नयेत इतकंच, रात्री बाहेर थंडीत. पेरांवर कळ्यांचे फुगवटे दिसले की मगच पाणी वाढवा. थंडीत खत चालू ठेवलं तर फुलांऐवजी केकी मिळतात.

कळ्या धरल्यानंतर

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कापसाच्या बोळ्यानं, साबणाच्या पाण्यानं पुसून काढा. नंतर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोड्या द्रव साबणात मिसळून फवारा, आठवड्यानं पुन्हा. कळ्यांवर फवारू नका.

दांडा उजेडाकडे वळत वाढतो. कुंडी सारखी फिरवत राहिलात तर तो वेडावाकडा होतो, म्हणून एकच बाजू उजेडाकडे ठेवा, आणि दांडा लवचिक असतानाच काडीला सैल बांधा. कळ्या फुगताना जागा बदलू नका, पाण्यात खंड पडू देऊ नका.

इतकं करूनही न उमललेल्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, तर जवळ काय ठेवलं आहे ते बघा. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन वायू सुटतो आणि ऑर्किडच्या कळ्या-फुलांना तो अजिबात सोसत नाही. फॅलेनोप्सिस ऐन भरात असते ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि नेमकी तेव्हाच आपल्या घरात आंब्याची पेटी येते. एका वर्षी मी अढी घातलेल्या खोलीतच रोप ठेवलं होतं, चार दिवसांत निम्मी फुलं मिटली. तेव्हापासून आंबे एका खोलीत, ऑर्किड दुसऱ्या, आणि केळ्यांचा फणाही तिच्यापासून लांब.